डब्याचे झाकण

नागपूरच्या एका सरकारी कार्यालयात मी १९८३ साली टायपिस्ट म्हणून लागले आणि २०१७ साली निवृत्त झाले. चौतीस वर्षे दुपारी एक वाजता डबा उघडला. किती पत्रे टाईप केली ते आता आठवत नाही. पण माझ्या डब्यात कोणी हात घातला आणि कोणी नाही, हे मात्र तारीखवार आठवते.

आम्ही पाचजणी एका टेबलावर बसायचो. एक मुस्लिम, वयाने मोठ्या. त्यांना सगळ्या आपा म्हणत. एक जैन भाभी. एक ख्रिस्ती मैत्रीण, माझ्याच वयाची. एक ताई, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. आणि मी. ईदला शीरखुर्मा, नाताळला केक, दिवाळीला चकल्या. साहेबसुद्धा म्हणत, काय एकोपा आहे! मी घरी येऊन आईला कौतुकाने सांगायची. माझी आई १९५६ साली थोरल्या भावाला कडेवर घेऊन दीक्षेला गेलेली. ती सगळे ऐकून घ्यायची आणि एकच विचारायची, "अन् त्यायनं तुह्यं काय खाल्लं?"

मी गप्प बसायची.

ताईंचे असे होते, की माझी भाजी पुढे आली की त्यांची चतुर्थी निघे. चतुर्थी नसली तर सोमवार, नाहीतर पोट बिघडलेले. आपांचा शीरखुर्मा त्या वाटीभर घेत आणि केक तर मागून घेत. त्या ख्रिस्ती मैत्रिणीने मला एकदा जिन्यात सांगितले, की तिचे आजोबा मिशनमध्ये जाण्यापूर्वी आपल्याच लोकांपैकी होते. जिन्यात सांगितले, टेबलावर कधी सांगितले नाही. मी तिला दोष देत नाही.

दोष माझाही होताच. मला वाटले, आपल्याच हाताला चव नसेल. म्हणून मी त्यांच्या घरी होते तसे करून नेऊ लागले. मटार-पनीर केले, पुलाव केला, भाजीत चिमूटभर साखरही घातली. भाकर कधी नेली नाही, पोळीच नेली. सुके बोंबील, वजडी यांचे तर नावही काढले नाही. आमच्या घरची खरी शान म्हणजे लांब पोळी. सैल भिजवलेली कणीक हातावर झुलवत ताणायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर भाजायची. नागपूरच्या आपल्या बायांची ती कला बघायला लोक उभे राहतात. तीसुद्धा डब्यात कधी गेली नाही. कधी रात्रीचे उरलेले न्यावे लागलेच, तर मी झाकण अर्धेच उघडून भराभर खाऊन घ्यायची.

भाभींचे मात्र वेगळे होते. त्या कांदा, लसूण, बटाटा कोणाच्याच घरचा खात नसत. ताईंचाही नाही, आपांचाही नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी मला सरळ सांगितले, "जमिनीखालचं नसेल ते तू काहीही दे." बुद्धपौर्णिमेची सुट्टी संपली त्या दिवशी मी पहाटे उठून खीर केली. सुजाताने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची गोष्ट भाभींना सांगितली. त्यांनी ऐकत ऐकत दोन वाट्या संपवल्या. आपासुद्धा माझ्याकडचे मटण घेत नसत, कारण ते हलाल आहे की नाही हे मलाच ठाऊक नसे. पण वरण, भाजी, लोणचे हक्काने ओढून घेत. पथ्य वेगळे आणि विटाळ वेगळा, हे मला या दोघींमुळे कळले. पथ्य सगळ्यांना सारखे लागू असते. विटाळाला पंचांग लागते.

मग १९९२चा डिसेंबर आला. ६ डिसेंबर म्हणजे आपल्याकरिता बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. त्याच दिवशी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. आपा काही दिवस कामावर आल्या नाहीत. आल्या तेव्हा आमच्या टेबलावर न येता कपाटांच्या मागे खिडकीशी बसल्या. मी पाणी आणायला गेले तर दिसले, डब्याचे झाकण अर्धेच उघडलेले आणि मान खाली.

भगिनींनो, ते अर्धे झाकण मी ओळखले. नऊ वर्षे ते माझे होते.

दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी घेतली आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन बसले. पूर्ण झाकण उघडले. वास सगळ्या खोलीत गेला. हात कापत होते, खोटे कशाला बोलू? मासळीला हलालची अट नसते. आपांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, डोळ्यांत पाणी आले ते तिखटाने की कशाने, मी विचारले नाही. म्हणाल्या, "इतने साल कहाँ छुपाके रक्खी थी, बाई?" मागून भाभी आपला डबा घेऊन आल्या. बोंबलाच्या वासाने नाकाला पदर लावला, पण खुर्ची ओढून तिथेच बसल्या. ख्रिस्ती मैत्रीणही आली. ताई आल्या नाहीत.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलेले आणि मंडळाने होऊ न दिलेले भाषण आपण सर्व जाणतो. नुसत्या सहभोजनाने जात मोडत नाही, बेटीव्यवहार झाला पाहिजे आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरची श्रद्धा गेली पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे. महिला मंडळात मी ते वाचून दाखवते. आमच्या टेबलाने जात मोडली असे मी म्हणणार नाही. ताई माझ्या मुलीच्या मंगल परिणयाला आल्या, आहेर दिला आणि उपवास सांगून न जेवताच गेल्या. तेव्हा मात्र मी पोट दुखते का विचारले नाही, की डबा भरून दिला नाही.

आपा आता घराबाहेर पडत नाहीत. बुद्धपौर्णिमेला मुलाबरोबर खीर पाठवते, ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत दोन्ही घरी सारखीच. त्यामुळे यजमानांचे नाव कोरलेला माझा स्टीलचा डबा तिकडे आहे आणि उर्दू अक्षरांचा त्यांचा डबा माझ्या मांडणीवर. परवा सून विचारत होती, "आई, हा कोणाचा?" म्हटले, राहू दे, ईदला जाईल.