पुठ्ठ्यावरचे डाग

शेंद्र्याच्या कंपनीत माझं काम लीक टेस्टचं. ॲल्युमिनियमच्या ओतीव भागात हवा भरायची, झडप बंद करायची आणि काही सेकंदांत दाब किती उतरतो ते बघायचं. मर्यादेपेक्षा जास्त उतरला की तो भाग बाजूला काढून पाण्यात बुडवायचा, बुडबुडा नेमका कुठून येतो ते शोधायचं आणि तिथं मार्करने खूण करायची. एप्रिलमधल्या एका सकाळी गेटवरचे सिक्युरिटीवाले काका म्हणाले, "मॅडम, तुमची गाडी ऑइल टाकते. रोज त्याच जागी डाग दिसतो."

गाडी बाबांची, चौदा वर्षं जुनी. सिडकोतून जालना रोडने जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर मी तीच चालवते. शहरातल्या एका गॅरेजात नेली. त्यांनी खाली वाकून पाहिलं, इंजिनाच्या तळाचा ऑइलचा चेंबर ओला दिसला, लगेच चेंबरचं पॅकिंग बदलून दिलं. आठ दिवसांत डाग पुन्हा हजर. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण जास्त लागलं ते हे की ओलं दिसलं तिथंच फुटलंय असं धरून चालले आणि कुणीही वर पाहिलं नाही.

मग मी फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा आणला, रात्री गाडीखाली सरकवला आणि चारही चाकांच्या जागा पेनाने आखल्या. सकाळी पुठ्ठ्यावर तीन डाग होते. पुढे डावीकडचा नुसत्या पाण्याचा, वास नाही, चिकटपणा नाही. तो एसीचा. थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते आणि नळीवाटे खाली पडते, त्यात काही बिघाड नाही. इंजिनाखालचा डाग काळपट तपकिरी, इंजिन ऑइलचा. हिरवा किंवा गुलाबी, गोडसर वासाचा डाग कुठं आहे का, तेही बघितलं, कारण तो कुलंटचा असतो. आमच्या गल्लीतली कुत्री गाडीखालीच झोपतात आणि कुलंटमधलं ग्लायकॉल त्यांच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं. तसा डाग नव्हता.

तिसऱ्या डागाने मात्र छातीत धस्स झालं. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला फिकट पिवळसर ओल होती. बोटांत चोळली तर ऑइलपेक्षा पातळ आणि फार निसरडी. मागे ना इंजिन, ना गिअरबॉक्स. तिथं असं गळणारं बहुधा ब्रेक ऑइलच. बॉनेट उघडून डबी पाहिली तर पातळी खालच्या रेघेच्याही खाली. आदल्या दिवशी तर पॅडल नेहमीसारखंच लागत होतं. ब्रेकच्या लाइनी दोन भागांत विभागलेल्या असतात. एक भाग रिकामा झाला तरी दुसरा गाडी थांबवतो, पण अंतर जास्त लागतं. म्हणजे पॅडल ठीक आहे एवढ्यावर विसंबून राहता येत नाही.

गाडी हलवली नाही. शेंद्र्याच्या पुढे, करमाडच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या मिस्त्रीमामांना फोन केला. 2001 साली शेंद्र्यात स्कोडाची गाडी जुळू लागली तेव्हा हे मामा रिक्षा दुरुस्त करायचे. आता आसपासच्या कंपन्यांतल्या निम्म्या कामगारांच्या गाड्या त्यांच्याच हाताखालून जातात. दुपारी मोटारसायकलवरून हत्यारं घेऊन आले. जॅक लावला आणि लगेच खाली घोडी ठेवली. "जॅकवर भरवसा ठेवून कोणी गाडीखाली शिरायचं नाही, ताई."

ड्रम काढला तर व्हील सिलिंडरचं रबर झिजलेलं, ब्रेक शू भिजून चिंब. मामांनी सिलिंडर बदलला, लायनर मात्र दोन्ही बाजूंचे नवे टाकले. एका बाजूचे जुने आणि दुसऱ्या बाजूचे नवे असले तर ब्रेक दाबताच गाडी ओढते. मग हवा काढायला घेतली. मी पॅडल दाबायचं, ते निपल सैल करायचे. सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, कारण मास्टर सिलिंडर उजवीकडे आणि तिथून ते सगळ्यात लांब. ब्रेक ऑइल सीलबंद बाटलीतलंच घ्यायला लावलं, ते हवेतला ओलावा ओढतं म्हणून. एक थेंब मडगार्डवर उडाला, तो त्यांनी ताबडतोब पाण्याने धुतला. रंग उतरतो.

इंजिनाचं काम दुसऱ्या दिवशी, त्यांच्या शेडमध्ये. मामांनी आधी इंजिन स्वच्छ धुतलं, वाळवलं आणि वर टाल्कम पावडर शिंपडली. मला ते बघून फार बरं वाटलं, कारण आमच्या टाकीतल्या बुडबुड्याचंच हे दुसरं रूप. वीसेक मिनिटं इंजिन चालू ठेवलं. पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ उमटली. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून इंजिनाच्या पाठीवरून ती सरळ चेंबरपर्यंत उतरली होती. चौदा उन्हाळ्यांनी पॅकिंगचं रबर भाजून पार कडक झालं होतं. दाबलं तर कडकन तुटलं.

नवं पॅकिंग बसवण्याआधी जुन्याची कड खरवडून काढायला त्यांना अर्धा तास लागला. बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून आवळले. मी कंपनीतल्यासारखा टॉर्क रेंच मागितला. त्यांच्याकडे नव्हता, पण हाताचा अंदाज पक्का होता. "जास्त आवळलं की पॅकिंग चेपून बाहेर येतं, मग पुन्हा गळती." चेंबरच्या नटाचं तांब्याचं वॉशर तेवढं मी हट्टाने नवं घालायला लावलं. काही रुपयांची वस्तू, आणि मागच्या वेळी तिथं जुनंच ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी पिशवीभर लाकडाचा भुसा घेऊन कंपनीत गेले. पार्किंगमधला डाग माझ्या गाडीचा होता. भुसा टाकून ऑइल शोषवलं, झाडून कॅनमध्ये भरलं आणि साबणाच्या पाण्याने फरशी घासली. काका बादलीभर पाणी घेऊन मदतीला आले. पुठ्ठा अजून जिन्याखाली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रात्री तो गाडीखाली जातो. मे महिन्यात त्यावर फक्त एसीचं पाणी होतं.