गोवा पावडर आणि दारातला टाकळा

पेडण्याच्या माझ्या धाकट्या जावेला गजकर्ण झालं ते नेमकं कमरेला, परकराच्या नाडीखाली. ही जागा दाखवायची तरी कुणाला? आपल्या गोव्याच्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, दमटच अंगावर चढतात. दोन पावसाळे तिने औषधाच्या दुकानातून कुठलीशी ट्यूब आणून लावली. लावली की खाज थांबायची, सोडली की चट्टा दुप्पट.

सासूबाईंचा उपाय ठरलेला. टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून लाव. टाकळ्याला संस्कृतात नावच दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी बंद, त्यामुळे हा तायकिळो दारात माजतो पण ताटात येत नाही. जाऊ म्हणाली, "आई, मग अंगाला लावलेला चालतो?" "अगं, पाला कुठे लावायचाय? बी हिवाळ्यातलं, वाळलेलं!"

सासूबाईंना हसू नका हं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर 'गोवा पावडर' विकली जायची. नाव आपलं, माल ब्राझीलचा. बाहियाच्या जंगलातल्या अरारोबा झाडाच्या खोडातली पिवळी भुकटी पोर्तुगिजांच्या हातून इथे आली. 1876 साली लंडनच्या बाल्मानो स्क्वायर या डॉक्टरांनी ती सोरायसिसवरही चालते असं मांडलं. तिच्याच धर्तीवर 1916 मध्ये जर्मनीत डिथ्रॅनॉल तयार झालं, ते सोरायसिसला अजून वापरतात. टाकळ्याच्या बियांतली द्रव्यं याच कुळातली. पण ही भुकटी डोळ्यांत गेली तर आग आग करी, कातडी भाजे, कपड्यांवर न जाणारे डाग पाडी. झाडापासूनचं म्हणून ते गरीब नव्हतं.

शेवटी मीच तिला डिचोलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. ते खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं, वर कातडी पातळ करतं. "अशा कातडीवर लिंबू?" बाईंनी कपाळाला हात लावला.

कॅप्सूल लिहून दिल्या, तर जाऊ अडून बसली. आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचं. घरी जाऊन गुपचूप औषध सोडणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. हिने निदान तोंडावर सांगितलं. बाईंनी दुसऱ्या औषधाची गोळी दिली, इतकं सोपं होतं ते. जपानमध्ये असलेल्या माझ्या भाचीलाही हे विचारावं लागलं. तिकडच्या कांपो वैद्यकात खाजऱ्या इसबावर शोफूसान नावाचं औषध देतात. झाडपाल्याचंच म्हणून ती घेणार होती, पण त्यात रातकिड्यासारख्या एका किड्याची टाकलेली कात असते.

बाईंनी घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. भाऊजी म्हणे, "मला काय झालंय?" सदरा काढायला लावला, तर पाठीवर हे एवढं चकंदळ! मग दोघांच्याही गोळ्या सुरू झाल्या. खाज थांबली तरी बाईंनी सांगितलेले सगळे आठवडे घ्यायच्या होत्या. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात.

टाकळ्याच्या बियांची बरणी सासूबाईंनी फडताळात तशीच ठेवली आहे.