दोन ते चारचा पहारा

गावात सप्ताह बसला की देवळाच्या भिंतीवर दोन कागद लागतात. एक फ्लेक्स, वेशीवरून दिसेल एवढा. त्यावर कीर्तनकार महाराजांचे फोटो आणि त्यांच्याखाली शुभेच्छुकांची दाटी. दुसरा वहीच्या जोडपानाचा, निळ्या पेनाने रेघा मारलेला, चारी कोपऱ्यांना खळ. ही पहाऱ्याची यादी. दोन-दोन तासांचे रकाने आणि प्रत्येक रकान्यात दोन-तीन नावं. फ्लेक्सवर फोटो आला नाही म्हणून वर्गणी परत मागणारे लोक मला ठाऊक आहेत. रात्री दोन ते चारच्या रकान्यात आपलं नाव नाही म्हणून कुणी रुसल्याचं मात्र अजून ऐकिवात नाही.

आणि सप्ताह उभा असतो तो या दुसऱ्या कागदावर. अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. ती कायम कुणाच्या तरी गळ्यात हवी, तार वाजती हवी, मुखात रामकृष्णहरी हवं. बाकीचे कार्यक्रम येतात आणि जातात: पहाटेचा काकडा, विष्णुसहस्रनाम, ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारचं गाथा भजन, दिवेलागणीचा हरिपाठ, रात्रीचं कीर्तन. पारायणाला बसलेल्यांना नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत उरकायच्या असतात. बाराव्या अध्यायाच्या २४७ ओव्या कधी सरल्या ते कळत नाही; अठराव्याच्या १८१० ओव्यांना मात्र मांड्या बदलून बदलून माणूस बेजार होतो. पण तेही दुपारी जेवायला उठतात. पखवाजवाला धुमेची कणिक खरवडून पडवीत लवंडतो. वीणेला सुटी नाही.

वीणा घेण्या-देण्याची रीत एकदा जवळ बसून बघावी. ज्याची पाळी आली तो पाय धुऊन येतो, बुक्का लावतो, वीणेला नमस्कार करतो. पट्टा एका मानेवरून निघून दुसऱ्या मानेवर जातो, पण पहिल्याचं बोट तारेवरून उचलायच्या आत दुसऱ्याचं बोट तिथं आलेलं असतं. नाद तुटत नाही. मग दोघं एकमेकांच्या पायाला हात लावतात. सत्तरीचे अण्णा कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या पाया पडतात, त्याला माउली म्हणतात, आणि पोरगंही न संकोचता त्यांच्या पाया पडतं. घरी गेल्यावर हेच अण्णा त्याच पोराला "गाढवा, मोटर बंद केलीस का?" म्हणून ओरडतात, तो भाग वेगळा. पण त्या घटकेपुरतं वय, नातं, सातबारा, सगळं खाली ठेवलेलं असतं. वीणा तेवढी खाली ठेवायची नसते.

रात्री दहाला कायद्याप्रमाणे भोंगा बंद होतो. निदान व्हायला हवा. निवडणुकीचं वर्ष असलं की महाराजही लांबतात आणि पोलीसही उशिरा येतात. तो एकदाचा बंद झाला की सप्ताह ऐकू यायला लागतो, असं माझं मत आहे. दिवसभर कर्ण्यातून गावावर आदळणारा आवाज मला कधीच भक्तीचा वाटला नाही. मंडपात सतरंज्यांवर बाहेरगावचे टाळकरी घोरत असतात, समईभोवती पाखरं जमलेली असतात, आचारी उद्याच्या पंगतीची डाळ निवडून झोपलेला असतो. विणेकरी तसबिरीसमोर चार पावलं जातो, चार पावलं येतो. झोप येऊ नये म्हणून चालायचं. ऐकायला कुणी नाही. देव ऐकत असेल तर असेल. त्याची हमी यादीत दिलेली नाही.

आमच्या गोदाकाठच्या गावांत दोन ते चारचा पहारा उभा राहतो त्याला एक अगदी साधं कारण आहे. शेतीपंपाची थ्री फेज वीज बऱ्याचदा रात्रीच येते. गहू-कांद्याला पाणी द्यायचं तर शेतकऱ्याला तसंही जागंच राहायचं असतं. बाराला दारं धरायची, दीडला भावाला उभं करून देवळात यायचं, वीणा घ्यायची आणि चारला पुन्हा वाफ्यावर. पिंडरीपर्यंत चिखल वाळलेला असतो, तो हापशावर धुतात. अशा माणसाच्या मनात त्या दोन तासांत पांडुरंग किती आणि रोहित्र जळण्याची भीती किती, याचा हिशेब करायला मी कधी गेलो नाही. त्याची तार वाजती असते, एवढं मी ऐकलंय.

भक्तीबद्दल बोलणारे बहुधा भावाबद्दल बोलतात. डोळ्यांत पाणी, देहभान हरपणं, काल्याच्या दिवशीची पावली आणि फुगड्या. ते सगळं खरंच असतं. पण भावावर सात दिवस निघत नाहीत. तो तासाभरात ओसरतो, त्याला भूक लागते. पुढचं पाळीवर चालतं. ज्याला आज काहीच वाटत नाही तोही आपली वेळ आली म्हणून येऊन उभा राहतो, आणि ज्याला उद्या वाटणार आहे त्याच्यासाठी तार चालू ठेवतो. हे नोकरीसारखं वाटतं हे कबूल. पण एवढ्या शतकांत किती राजवटी आल्या, किती दुष्काळ पडले. त्यातून गावोगावची भजनं वाचली ती या रकान्यांमुळे, असं मला वाटत आलंय.

गोव्यात वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं साथ पसरली, माणसं पटापट मरायला लागली, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घालून तिथलं श्रीफळ आणलं आणि अखंड भजन मांडलं, अशी त्याची कथा सांगतात. राज्य पोर्तुगिजांचं होतं; ते १९६१ मध्ये गेलं, भजन राहिलं. श्रावणात होणारा हा सप्ताह आता चोवीस तासांचाच असतो, तरी त्याला सप्ताहच म्हणतात, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तिथंही भजनाच्या पाळ्या लागतात आणि बाजारातले निरनिराळ्या धंद्यांचे लोक आपापले पार, म्हणजे भजनी मिरवणुका, वाजतगाजत आणतात. दुकानाची फळी बंद करून माणूस टाळ घेतो आणि आपली वेळ संपली की पुन्हा गल्ल्यावर बसतो.

दुसऱ्या टोकाला सराला बेटाचा सप्ताह. गंगागिरी महाराजांनी सुरू केलेला, दरवर्षी वेगळ्या गावाला मिळणारा. तिथं माणसं लाखांनी मोजतात. आमटी जागेवर काहिलींतून शिजते. भाकरी मात्र आसपासच्या गावांतून येतात. घरटी ठरलेल्या, फडक्यात बांधलेल्या, टेम्पो आणि ट्रॅक्टर भरभरून. कुठल्या चुलीवरची भाकरी कुणाच्या पानात पडली हे शोधून काढणं अशक्य. पंगतीत सगळे एक, असं जे म्हणतात ते मला तिथं सर्वांत जास्त पटतं, कारण तिथं निवड करायची सोयच नसते.

गावच्या पंगतीत ती सोय असते, आणि ती वापरली गेली आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, बाहेर. आत जाण्याचा हक्क त्यांच्या माणसांना मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे विठ्ठलापुढे सगळे सारखे असं टाळ कुटून सांगण्यात सहा शतकं गेली, आणि दार उघडायला एका माणसाला अन्न सोडावं लागलं. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबा होते. 'बहिष्कृत भारता'वर ज्ञानेश्वरीच्या ओव्या होत्या. घरात कबीरपंथी भजन ऐकत वाढलेला हा माणूस. काळारामाच्या दारात १९३० पासून सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही, आणि १९३५ मध्ये येवल्यात त्यांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. येवला म्हणजे अगदी सप्ताहांच्याच मुलखातलं गाव. आजूबाजूला तेव्हाही कुठे ना कुठे वीणा वाजतच असणार. ती वाजत राहिली याचं कौतुक मी आत्ताच करून बसलोय, म्हणून हेही लिहायला हवं. तार तुटू न देण्याची काळजी असलेल्या लोकांना माणसं तुटल्याची खबर नव्हती, किंवा होती आणि चालत होती.

यादीत अलीकडे फरक पडलाय. पारायणाला निम्म्याहून जास्त बायका बसतात. त्यांनी वाचायचं सोडलं तर व्यासपीठापुढे सतरंजीच दिसेल. दिवसाचे पहारेही त्या घेतात. रात्रीचे नाही. "बाईमाणसानं रात्री कशाला?" हे उत्तर इतक्या सहज येतं की ते देणाऱ्याला त्याच बाईला आपण याच गावात ऊसतोडीला पहाटे तीनला कोयता घेऊन निघालेलं रोज पाहिलंय याची आठवण होत नाही.

मागच्या साली काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली, लाह्या-दह्याचा प्रसाद वाटला आणि वीणा देवळात खुंटीला लागली. दुसऱ्या दिवशी पारावर हिशेब वाचायला बैठक बसली. वर्गणी, आचारी, मंडप, महाराजांची बिदागी. बिदागीच्या आकड्यावर नेहमीप्रमाणे अर्धा तास भांडण. मग पुढच्या सालच्या याद्या निघाल्या. आमच्या गल्लीतल्या एक मावशी बायकांच्या बाजूने उठून म्हणाल्या, "दोन ते चारला आमच्या चौघींची नावं टाका, पाणी धरायला आम्ही असतोच की रानात." पारावर चुळबुळ झाली. कुणी म्हणालं बघू, कुणी म्हणालं महाराजांना विचारू. पुढच्या दशमीला पुन्हा बसायचं ठरलं. अण्णांनी तेवढ्यात खिशातून निळं पेन काढून वहीत रेघा मारायला घेतल्या होत्या. दोन ते चारचा रकाना त्यांनी जरा रुंद आखला, चार नावं मावतील एवढा.