प्रवासातील हत्यारे

प्रवासाला निघालेला मनुष्य बरोबर काय घेतो यावरून त्याला कशाची ओढ आहे हे फारसे कळत नाही. त्याला कशाचे भय वाटते हे मात्र नेमके कळते. माझी आजी काशीयात्रेला निघाली तेव्हा तिच्या गाठोड्यात सुंठ आणि ओवा होता. माझे एक स्नेही कोठेही जाताना तीन चष्मे घेऊन जातात. गेल्या वर्षी आम्ही उभयतांनी एक फिरते घर घेतले, आणि मी अशा आवेशाने हत्यारे जमवू लागलो, की शेजाऱ्यांना आम्ही सहलीस निघालो आहोत की मोहिमेवर, असा प्रश्न पडावा.

फिरते घर म्हणजे चाकांवरची खोली. राज्य शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून हा शब्द आपल्याकडेही ओळखीचा होऊ लागला आहे. आमच्या घरात निजण्यासाठी दोन फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी, छपरावर सौर पत्रे आणि बाकाखाली १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी एवढाच संसार आहे. घर आणि गाडी या दोन वस्तू निरनिराळ्या रीतींनी नादुरुस्त होतात. फिरते घर दोन्ही रीतींनी एकाच वेळी नादुरुस्त होते. शहापुराहून आटगावापर्यंत जाऊन परत आले, की कपाटाच्या बिजागरीचा एक तरी स्क्रू खाली पडलेला सापडतोच. तेव्हा हत्यारे हवीत याविषयी वाद नव्हता. वाद होता तो कोणती, याविषयी.

माझे वडील कसाऱ्यास रेल्वेत फिटर होते. कसारा ते इगतपुरी हा घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. तो चढण्यासाठी गाडीला मागून रेटा देणारी इंजिने जोडावी लागतात, आणि वडिलांचे आयुष्य त्या रेट्याच्या सेवेत गेले. त्यांची सागवानी पेटी अजून आमच्या माळ्यावर आहे. तीत पाने, पक्कड, कानशी, छिन्नी, दोन हातोड्या आणि सुतारशेजाऱ्याने दिलेला एक दोरीचा सामता आहे. पेटी जड होऊ लागली की वडील ती अंगणात उलटी करीत आणि वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते हत्यार बाजूला काढीत. ‘जे हाताला ठाऊक नाही ते ओझे,’ असे ते म्हणत. लहानपणी मला हा कंजूषपणा वाटे. पुढे मी कारकुनी पत्करली, आणि त्या पेटीशी माझा संबंध दसऱ्याला तिची पूजा करण्यापुरता उरला.

ती पेटी मी बरोबर घेतली नाही. त्याचे कारण मी सर्वांना सांगत असे ते असे, की हा बिनतारी यंत्रांचा काळ आहे. खरे कारण निराळे होते. तीन वर्षांपूर्वी पायरीवरून पडून माझे उजवे मनगट मोडले. हाड सांधले, पण मुठीतला पीळ गेला तो गेलाच. लोणच्याच्या बरणीचे झाकणसुद्धा आता मला फिरवता येत नाही. ते मी सौभाग्यवतीकडे सरकवतो, ती काही न बोलता उघडून देते, आणि तिचे ते न बोलणे मला बोलण्याहून अधिक लागते.

म्हणून मी कल्याणास दुकानात गेलो. तेथे पहिली गोष्ट कळली ती ही, की या जगात निवड यंत्राची करावयाची नसते, बॅटरीची करावयाची असते. प्रत्येक कारखान्याची बॅटरी आपल्याच घराण्यातील यंत्रांस बसते. परक्या घराण्याशी तिचा रोटीबेटीव्यवहार नसतो. एकदा एका घराण्याशी सोयरीक केली, की पुढची खरेदी निमूटपणे तेथेच करावी लागते. दुसरी गोष्ट कळली ती आकड्यांविषयी. लिथियमच्या पाच घटांची माळ केली की १८ व्होल्ट होतात. तीच माळ नुकती भरलेली असताना सुमारे २० व्होल्ट दाखवते, म्हणून कोणी तिलाच ‘२०’ असे नाव देऊन विकतात. व्होल्टांना अँपिअर-तासांनी गुणले की खरी शिदोरी कळते: १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. ही शिदोरी स्क्रू फिरवणाऱ्या यंत्राला दिवसभर पुरते. लोखंड कापणारी चकती तीच शिदोरी थोड्या मिनिटांत फस्त करते. खादाड पाहुण्याला किती वेळा बोलवावे याचा विचार यजमानाने आधी करावा, तसेच हे आहे. आमच्या गाडीच्या बाकाखालच्या बॅटरीत हिशेबाने १२०० वॅट-तास मावतात. त्यांतून पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप चालवून उरेल ते हत्यारांचे.

बिनतारी हत्यारांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कारखान्याने १९६१ साली निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर चालणारे छिद्रयंत्र बाजारात आणले. पुढे दहा वर्षांनी तसे एक यंत्र चंद्रावर गेले. १९७१ साली अपोलो १५ च्या वीरांनी प्रथमच चंद्रावर चारचाकी गाडी नेली, आणि त्याच सफरीत जमिनीत खोल भोक पाडण्यासाठी बॅटरीवरचे छिद्रयंत्रही नेले. वीजमंडळाच्या खांबापासून इतक्या दूर गेलेला गाडीवान दुसरा नसेल! परंतु यंत्राने जमिनीत घातलेली नळी वर येईना. तेव्हा त्या दोघांनी खाली वाकून, खांदे लावून, नुसत्या अंगबळाने ती ओढून काढली. दुकानात उभा असताना ही कथा मला आठवली होती. पण तिचा अर्थ त्या वेळी ध्यानात आला नाही.

मी घेतले ते असे: चाकाचे नट सोडवणारे एक दणकट यंत्र, ज्याच्या खोक्यावर ३०० न्यूटन-मीटर असा आकडा छापला होता, एक छिद्रयंत्र, एक चकती, एक करवत, पाने उडवणारा पंखा, एक दिवा, आणि या सर्वांत मिळून दोन बॅटऱ्या, कारण पैसे तेथे संपले. घरी आणून ओटीवर मांडले. सौभाग्यवतीने नट सोडवणारे यंत्र दोन्ही हातांनी उचलून पाहिले आणि खाली ठेवले.

“बरेच जड आहे हो,” ती म्हणाली. “हे धरणार कोण?”

“मी,” मी म्हणालो.

तिने माझ्या मनगटाकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही.

श्रावणात आम्ही पहिल्या सफरीस निघालो. शहापुराहून किन्हवलीवरून सरळगावास आणि तेथून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्याने माळशेजकडे. दोन्ही बाजूंना भाताची आवणे तुडुंब भरलेली, डोंगरांच्या माथ्यांवर ढग उतरलेले, आणि मधूनमधून पावसाची सर. टोकावडे मागे टाकल्यावर दिवेलागणीच्या सुमारास मागचे एक चाक बसले. मला वाईट वाटण्याऐवजी, खरे सांगतो, आनंदच झाला. ज्या प्रसंगासाठी पैसे मोजले तो प्रसंग इतक्या लवकर आला होता.

मी ऐटीत यंत्र काढले, नटावर बसवले, घोडा दाबला. यंत्राने एक उसासा टाकला आणि ते गप्प झाले. आदल्या दिवशी शेजाऱ्यांना प्रयोग दाखवताना अंगणातील सगळा पाचोळा मी त्याच बॅटरीने उडवला होता. दुसरी बॅटरी चार्जरवर होती. पण चार्जरला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरची कळ मी दाबलीच नव्हती. शिदोरीचा हिशेब शिकलेल्या माणसाने शिदोरी घरीच उधळली होती. आता गाडीबरोबर मिळालेला साधा चाकपाना तेवढा उरला. मागे चाक बसवताना कोणा कारागिराने हवेच्या बंदुकीने ते नट असे आवळले होते, की माझ्या धड हातालाही ते दाद देते ना. मग मोडक्याची काय कथा! दोनदा जोर केला आणि मनगटातून कळ निघाली. पावसात रस्त्याच्या कडेला मी मटकन बसलो. त्या क्षणी चाकाचा प्रश्न मला मुळीच भेडसावत नव्हता. आपण आता कोणाच्या उपयोगाचे राहिलो नाही, हा विचार इतके दिवस पाठलाग करीत होता; त्याने मला तेथे गाठले.

सौभाग्यवती आत गेली आणि मच्छरदाणी ताणण्यासाठी तिने बरोबर घेतलेली लोखंडी नळी घेऊन आली. ती नळी मी ओळखली. ती वडिलांच्या पेटीतली होती. तिने ती पान्याच्या दांड्यावर सरकवली, गाडीच्या कठड्याला धरले, आणि पदर खोचून नळीच्या टोकावर सरळ उभी राहिली. एक कर्कश आवाज झाला, आणि नट सुटला. स्त्रीचे वजन छापू नये असा शिष्टाचार आहे, तरी शास्त्रासाठी तो मोडतो: ५५ किलो, आणि दांडा पाऊण मीटरचा. गुणाकार केला तर सुमारे ४०० न्यूटन-मीटर होतात. माझ्या खोक्यावर छापलेला आकडा ३०० चा होता.

पुढचे काम दोघांनी केले. तिने नट फिरवले, मी जॅक लावला. चाक दोघांनी मिळून चढवले. सारे होईपर्यंत काळोख पडला होता. ती हात पुसत म्हणाली, “मामंजी असे करताना मी पाहिले होते. तुम्ही तेव्हा कचेरीत होता.”

त्या रात्री घाटाखाली मुक्काम केला. छपरावर पाऊस वाजत होता आणि मला झोप येत नव्हती. मला म्हशाची यात्रा आठवली. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते. तिचा बैलबाजार प्रसिद्ध आहे. लहानपणी वडिलांबरोबर तेथे गेलो असता वाटेवर एक घिसाड्याचे बिऱ्हाड उतरलेले पाहिले होते. आमच्या फिरत्या घराचे कौतुक करणाऱ्यांना मी आता सांगतो, की हे नवे नाही. घिसाडी पिढ्यान्‌पिढ्या आपले घर गाडीवर घालून गावोगाव हिंडत आला आहे. त्याच्या गाडीवर हत्यारे मोजकीच: भाता, ऐरण, सांडशी, हातोडी आणि घण. तो पुरुष तापलेले लोखंड सांडशीने ऐरणीवर धरून बसला होता, आणि घण त्याची बायको मारीत होती. मी वडिलांना विचारले, “बाबा, घण ती का मारते?” वडील म्हणाले, “लोखंड कधी फिरवायचे ते त्याला कळते, आणि घण कुठे पडला पाहिजे ते तिला. यात थोर कोण?”

एवढ्या वर्षांनी त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे म्हणत नाही. पण माझी चूक मात्र मिळाली. मी हत्यारे घेतच नव्हतो. मी माझा गेलेला हात विकत घेऊ पाहत होतो. तो कोणत्याच दुकानात नसतो. गाडीत माणसे दोन, हात चार, त्यांतले तीन धड. हत्यारे निवडावयाची ती या तीन हातांसाठी, हा साधा हिशेब मी दुकानदारासमोर केलाच नव्हता.

परत आल्यावर आम्ही सारा पसारा अंगणात उलटा केला. निवड या वेळी तिने केली. स्क्रू फिरवण्यासाठी १२ व्होल्टचे लहान यंत्र घेतले. ते तिच्या मुठीत बसते आणि माझ्या डाव्या हातालाही पेलते. चाकात हवा भरणारा बिनतारी पंप घेतला. सर्वांत अधिक उपयोग त्याचाच झाला आहे, कारण चाक बसण्याआधी बहुधा ते मऊ पडते, आणि रोज सकाळी पाहणाऱ्याला ते कळते. दिवा राहिला. करवत आणि चकती घरी ठेवली: तानसा अभयारण्याच्या आसपास हिंडणाऱ्याने लाकूड कापणारे यंत्र बाळगून कोणास काय खुलासा द्यावा? दणकट यंत्र ठेवले, पण नट सोडवण्यापुरतेच. शेवटचे आवळणे हाताने, समोरासमोरचे नट आळीपाळीने घेऊन, मापाच्या पान्याने. बॅटऱ्या गाडी चालू असताना भराव्यात, आणि वैशाखाच्या उन्हात बंद गाडीत कधीही ठेवू नयेत, कारण उष्णतेने लिथियमचे आयुष्य सरते. माणसासारखेच ते सावलीत टिकते. आणि वडिलांची नळी आता मच्छरदाणीची म्हणून नव्हे, तर स्वतःच्या हक्काने गाडीत असते.

गेल्या महिन्यात पुन्हा चाक बदलण्याचा प्रसंग आला. या वेळी खर्डीजवळ. एक टेम्पोवाला थांबला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “काका, ताईंना कशाला कष्ट देता? द्या, मी करतो.” पूर्वी हे वाक्य मला आठवडाभर झोंबले असते. सौभाग्यवतीने मान वर न करता त्याला सांगितले, “झालेच आहे बाबा. तू चहा घेऊन जा.” मग ती एकेक नट आवळत मोठ्याने मोजू लागली, आणि मी डाव्या हाताने दिवा धरून, तिचा पाना पुढे कोठे जाणार ते ओळखून, उजेड तेथे आधी नेत राहिलो.