सराफाचा ठसा, कंपनीची डबी

जुन्या राणीछाप रुपयावर कधी कधी राणीच्या गालावर किंवा मानेवर बारीकसा ठसा ठोकलेला दिसतो. ते सराफाचं काम. नाणं तोललं, दगडावर वाजवलं, खरं निघालं, की पेढीची खूण उमटवून ते पुढे सोडायचं. आज तोच रुपया ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून दर्जाचा अंक ठरवून घ्यायला पाठवा, या खुणेपायीच त्याला बहुधा अंक मिळत नाही. ‘अस्सल, पण पृष्ठभागाला इजा’ अशा अर्थाचा शेरा तेवढा पदरी पडतो. एका पारख्याची पावती दुसऱ्याला डाग वाटते. मला स्वतःला असे ठसेवाले रुपये आवडतात, पण विकताना आवडीला कोणी विचारत नाही.

पारखीचे पैसे मोजणं आपल्याकडे नवं नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना टाकसाळींचे रुपये चालत, एकाचा दुसरा करून घेताना बट्टा बसे, आणि सरकारी भरण्यातली नाणी पोतदार पारखून घेई. त्याची नजर चांदीवर असायची, आजच्या ग्रेडरची झिजेवर असते. या ग्रेडरची १ ते ७० ही पट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडली, तीही फक्त त्यांच्याकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं, असा सरळ हिशेब त्यामागे होता. बाजाराने तो केव्हाच मोडला, पट्टी मात्र उरली. पुढे असंही उघडकीस आलं, की या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्या जागी स्वतःचे हलके ठेवले होते. दर्जातला फरक त्याला कळत होता, यात शंका नाही!

हीच पट्टी वापरणाऱ्या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्यांपैकी पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. नाणं पाहायचं, अंक द्यायचा, प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करायचं. ६० पासून वरची सगळी नाणी न वापरलेली. तरी ६४ आणि ६५ मधला फरक सांगायला तयार डोळा लागतो, आणि किमतीत त्या एका अंकाने कधी कधी दुपटीचं अंतर पडतं. वापरातलं ५८ चं नाणं पिशवीत आपटून ओरखडलेल्या ६१ पेक्षा देखणं असू शकतं. मी तरी ५८ चंच घेईन.

मग डबीचा उपयोग काय? पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, पुढच्या वर्षी सोंड नीट करावी लागली. हे चित्र ज्याने एकदा पाहिलं त्याला प्रमाणपत्र लागत नाही. १९३९ च्या रुपयाचं तसं नाही. जुन्या, सुमारे ९२ टक्के चांदीचा हा शेवटचा रुपया. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. तो दुर्मीळ, म्हणून बनावट उदंड. ११.६६ ग्रॅम वजन जुळवणं नकली माल करणाऱ्याला अवघड नाही. किनारीचे दाते, तारखेच्या शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन, ओतीव नाण्यावरचे बारीक खड्डे हे सगळं भिंगाखाली पाहावं लागतं. अनोळखी माणसाकडून हा रुपया घेताना ग्रेडिंगची फी मला स्वस्त वाटते. तिथे मी अंकाचे पैसे देत नाही, ‘खरं’ या एका शब्दाचे देतो.

आपल्या घरांतल्या नाण्यांवर दुसरंच संकट असतं. दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून, रांगोळीने घासून लख्ख केलेले रुपये लोक मोठ्या अभिमानाने दाखवायला आणतात. चांदीवरची मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही. कडी लावून माळेत ओवलेल्या नाण्यांची तीच गत. त्यांना ग्रेडिंगला पाठवू नका, पूजेत ठेवा. फक्त यापुढे हळदकुंकू वाहून तसंच पुसून घ्या.

मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराईपुढे तर ही पट्टीच तोकडी पडते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं मुळातच नाण्याबाहेर राहिलेली. झीज शून्य आणि ‘श्री’ गायब, असंही होतं. आम्ही अक्षरांची वळणं बघतो, ‘शिव’ की ‘सिव’, दुदांडी (दोन रेघांची) आहे का, वजन किती. ७० पैकी कोणताही आकडा यातलं काही सांगत नाही. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, म्हणजे परदेशी कंपनीची वाट शिवराईला बंदच. आता इथेही डब्या मिळतात. पण पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी शेकडो शिवराया हाताळलेल्या माणसाला दाखवून घेतलेली मला जास्त भरवशाची वाटते, आणि तो सहसा एका चहावर सांगतो.