कंपनीचं पत्रक आणि आत्याचं बोलणं

अहवालाच्या समासात सरांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता : ‘ऐकीव’. तो अजून डोक्यातून जात नाही.

जनसंपर्काच्या पेपरला अंतर्गत गुणांसाठी केस स्टडी द्यावी लागायची. साचा ठरलेला : पार्श्वभूमी, समस्या, लक्ष्यगट, कृती, मूल्यमापन. विषयही ठरलेले. अर्धा वर्ग मॅगीवर, अर्धा टायलेनॉलवर. 1982 साली शिकागोत त्या गोळ्यांत कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात माणसं दगावली, कंपनीने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. टायलेनॉलची गोळी वर्गात कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

मी चांदवडचं अधिवेशन घेतलं. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986, शेतकरी महिला आघाडी. आमच्या गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हाक दिली आणि लाखावर बाया जमल्या. मोबाइल नव्हता, टीव्ही मोजक्या घरांत. मग निरोप पोचला कसा? माझ्या मते जनसंपर्काचा याहून चांगला प्रश्न नाही.

आत्या तेव्हा निफाडकडे सासरी होती. तिला विचारलं.

“बाजारात संघटनेचा बिल्लेवाला भेटला. म्हणला, औंदा बायांनीच यायचं. मग शेजारणीनं ती ‘चांदवडची शिदोरी’ वाचून दाखवली. ते पुस्तक आपल्यावरच होतं गं. सकाळी भाकरी बांधली, ती स्वतःसाठी. असं पहिल्यांदाच.”

हे जसंच्या तसं लिहिलं. सरांनी आख्खा परिच्छेद खोडला. मैत्रिणीच्या अहवालात मॅगीच्या कंपनीचं प्रसिद्धिपत्रक होतं, त्यावर मात्र बरोबरची खूण! म्हणजे कंपनी स्वतःबद्दल छापते तो पुरावा, आणि बाई स्वतःबद्दल बोलते ते ऐकीव. मी भांडले. सर शांतपणे म्हणाले, “अगं, यात क्लायंट कोण? ही चळवळ झाली. जनसंपर्क नव्हे.” मग एवढ्या लोकांशी जोडला गेलेला तो संपर्क कसला होता? यावर उत्तर आलं नाही. गुण मात्र आले, काठावरचे.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, केस तालुक्यातली घ्या. डिसेंबर 2023मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि तीन-चार दिवसांत चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला. सरकारने निर्णय कळवला कसा, शेतकऱ्याला तो कळला कुठून, भाव पडल्यावर का आधी, एवढं शोधलंत तरी अहवाल भरेल. बाजार समितीत जाऊन बसा. चार म्हाताऱ्यांशी बोला.

सल्ला द्यायला काय जातं म्हणा. पुण्यात एका एजन्सीत मुलाखतीला गेले, तेव्हा त्यांनी एखादी आवडती केस सांगायला सांगितली. मी घडाघडा टायलेनॉल सांगितलं. नोकरी लागली. आणि खरं बोलायचं तर ती केस आहेच चांगली.