दारात गाडी, किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, तुमच्या दारात गाडी आहे का? असेल, तर एक विचारते, राग मानू नका. ती चालवता येते का तुम्हांला?

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत. सोलापूरकडची गाडी गेली की आई कणीक भिजवायला घ्यायची, मनमाडची आली की आम्हांला शाळेत पिटाळायची. सासर मात्र शिरूरचं. इथे रेल्वे नाही, जे काही आहे ते रस्त्यावर. पण रस्ताही साधासुधा नाही हो! १ जून १९४८ रोजी आपली पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली, ती ह्याच रस्त्यानं.

लग्नानंतर मी माहेरी जायची ती एस.टी.नंच. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथे गाडी बदलायची, मग पाटसवरून दौंड. कडेवर लेक, हातात पिशवी. अर्धा दिवस मोडायचा, पण सासूबाईंना विचारलं की निघता यायचं.

१९९६ साली आमच्याकडे मारुती आली. जुनीच, पण आम्हांला नवी. चाकाखाली लिंबू ठेवलं, आळीत पेढे वाटले. आणि तेव्हापासून मी माहेरचं नाव काढलं की हे म्हणायचे, "दारात गाडी असताना एस.टी.चे धक्के कशाला? रविवारी मी नेतो की." रविवार यायचा, पण कधी लग्नकार्य, कधी ह्यांचं काम, कधी पेट्रोलचा हिशेब. वर्षाकाठी सहा वेळा जाणारी मी दोनदा जाऊ लागले. कुणी अडवलं नव्हतं बरं का! अडवलं असतं तर भांडले तरी असते.

२००१ च्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला भावाचा फोन आला. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. हे कामासाठी पुण्याला गेलेले, गाडी दारात उभी, किल्ली खिळ्याला. शेजारचे भाऊजी बाहेरगावी. दुसऱ्या कुणाला उठवायचं म्हणून दोन दारं वाजवली, पण गाडी चालवणारं कुणी भेटेना. रात्रभर ती किल्ली बघत बसले. पहाटेच्या एस.टी.नं निघाले, पोचेस्तोवर आईची वाचा गेली होती. भावजय एवढंच म्हणाली, "पहाटेपर्यंत तुमचं नाव घेत होत्या, वन्सं."

हे कळल्यावर ह्यांनी मान खाली घातली. मग आपणहून म्हणाले, "तू शीक." सासूबाई म्हणाल्या, "आता ह्या वयात?" मी अडतीस वर्षांची होते. शिकवणारा पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा. "ताई, क्लच हळू सोडा," म्हणून बिचारा थकला. एकदा भर बाजारपेठेत गाडी बंद पडली, मागे उसाची ट्रॉली हॉर्न वाजवतेय, आणि माझे पाय लटलट कापताहेत. पण शिकले.

पहिल्यांदा एकटी भीमेचा पूल ओलांडून दौंडला गेले. आईला शेजारी बसवून स्टेशनापर्यंत नेलं. तिला बोलता येत नव्हतंच. गाडी थांबवल्यावर तिनं धडका हात माझ्या हातावर ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

म्हणून सांगते. आधी शिकाऊ परवाना काढा. तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, आणि सहा महिन्यांच्या आत ती द्यावी. नवऱ्याकडून शिकू नका, भांडणं होतात! बाहेर शिका. परवाना मिळाला की आठवड्यातून एकदा तरी गाडी काढा, नाहीतर हात जातो. चाकातली हवा आणि ऑइल बघायला शिका. पट्टा स्वतः लावा, मागे बसणाऱ्यांनाही लावायला लावा.

आज रांजणगावच्या गणपतीला जाताना तिथल्या औद्योगिक वसाहतीत तयार झालेल्या मोटारी ट्रेलरवरून जाताना दिसतात. इतक्या मोटारी, आणि त्यांतल्या किती बायकांच्या हाती जातील, असं मनात येतंच.

एस.टी. मी अजून सोडलेली नाही. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर मुद्दाम जाते. गाडीनं जायचं की एस.टी.नं, हे आता मी ठरवते. तुमच्या घरची किल्ली कुठल्या खिळ्याला आहे, ते आज बघून ठेवा.